जुन्या पुस्तकात मांजराची बुकप्लेट सापडली तर : गोव्यातल्या नवख्या संग्राहकांसाठी

गोव्यात जुनी घरे विकली किंवा दुरुस्त केली जातात, कपाटे रिकामी होतात आणि पुस्तके रद्दीवाल्याकडे, जुन्या बाजारात नाहीतर गावच्या वाचनालयाच्या देणगीच्या गठ्ठ्यात जातात. त्यातल्या एखाद्या पुस्तकाचा पुठ्ठा उघडावा, तर आतल्या बाजूला तळहातात मावेल एवढा छापील कागद चिकटवलेला असतो. पुस्तकांच्या चवडीवर बसलेले मांजर, खाली 'एक्स लिब्रिस' आणि एक नाव. कधी नावाखाली 'ग्रंथपाल' असेही लिहिलेले असते. हीच बुकप्लेट. 'एक्स लिब्रिस' हे लॅटिन शब्द आहेत, अर्थ 'अमक्याच्या पुस्तकांपैकी'. युरोपात छापील बुकप्लेट पंधराव्या शतकापासून आहेत. आपल्याकडे पोर्तुगीज आणि इंग्रजी पुस्तकांबरोबर ही पद्धत वकील, डॉक्टर, शिक्षक, ग्रंथपाल यांच्या घरी पोचली.

असा कागद हाती लागला की तो सोडवून वहीत लावावा असे नवख्याला हमखास वाटते. तेवढे करू नका. ती व्यक्ती कोण होती, पुस्तक तिच्याकडे कधी होते, नंतर कुठे गेले, यांची उत्तरे कागदाच्या भोवती असतात : पुठ्ठ्यावर, समोरच्या पानावर, शीर्षकपानाच्या पाठीवर. पुस्तकातून सुटलेल्या बुकप्लेटवर उरते ते फक्त चित्र आणि नाव.

१. आधी या गोष्टी टाळा

वाफ देऊन, ओल्या कापसाने किंवा हेअर ड्रायरने बुकप्लेट सोडवू नका. जुनी खळ सुटण्याआधी शाई फुटते आणि पुठ्ठ्यावरचा अस्तराचा कागद फाटतो. कोपरा उचललेला दिसला तरी सेलोटेप लावू नका. त्याचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि मग निघत नाही. फेव्हिकॉल नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. नावाखाली शाईच्या पेनाने स्वतःचे टिपण लिहू नका. पुस्तक ओलसर वाटते म्हणून उन्हात ठेवू नका, कारण उन्हाने पुठ्ठा वाकतो आणि रंगीत शाई उडते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला उभे करून पाने जरा मोकळी ठेवली की पुरते.

पानात खोचलेल्या चिठ्ठ्या, बसची तिकिटे, वर्तमानपत्राची कात्रणे फेकू नका. घरचे लोक मालकाच्या निधनाची बातमी त्याच्याच पुस्तकात ठेवून देतात, आणि ते कात्रण तुमचे निम्मे काम करते. मात्र वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो आणि शेजारच्या पानावर तपकिरी डाग पाडतो. म्हणून कात्रण कोणत्या पानात होते ते टिपा, फोटो काढा आणि ते वेगळ्या पाकिटात ठेवा.

२. जवळ काय असावे

- १० पट मोठे दाखवणारे भिंग (घड्याळजी वापरतात तसले)
- मिलिमीटरच्या खुणांची पट्टी
- शिसपेन्सिल, एचबी किंवा २बी
- लहानसा टॉर्च, आणि जमल्यास नोटा तपासायचा अतिनील टॉर्च
- मऊ, कोरडा ब्रश
- साधी वही (मोबाइलमधली नोंद पुरत नाही, तो बदलला की नोंदी हरवतात)
- आम्लमुक्त कागदाची पाकिटे

३. पुस्तकासकट नोंद करा

कमीत कमी सात फोटो काढा : पुस्तकाचा बाहेरचा पुठ्ठा, आतला पुठ्ठा बुकप्लेटसह संपूर्ण, नुसती बुकप्लेट पट्टी शेजारी ठेवून, तिच्या समोरचे पान, शीर्षकपान, शीर्षकपानाची पाठ आणि शेवटच्या पुठ्ठ्याची आतली बाजू. मोबाइल कागदाला समांतर धरा, फ्लॅश बंद ठेवा. शिवाय एक फोटो तिरक्या उजेडाचा हवा. खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या जवळजवळ पातळीला बाजूने धरला की उठाव, दाबाच्या खुणा आणि खरवडलेली जुनी नावे दिसू लागतात. पुस्तक सपाट स्कॅनरवर पालथे घालून दाबू नका, जुनी बांधणी तिथेच तडकते.

माप मिलिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी. कागदाचे माप आणि छापलेल्या चित्राचे माप वेगवेगळे लिहा. बुकप्लेट सहसा १३ सेंटीमीटरच्या आत असते. यापेक्षा मोठा कागद दिसला तर तो शाळेचे बक्षीसपत्र किंवा देणगीचा कागद असू शकतो.

त्यानंतर समोरचे पान नीट पाहा. बुकप्लेट बरीच वर्षे एका जागी असेल, तर तिच्या कागदातले आम्ल आणि शाईतले तेल समोरच्या पानावर उतरते आणि तिथे फिकट तपकिरी चौकोन उमटतो. त्या चौकोनाचे माप बुकप्लेटशी जुळते का? जुळत असेल तर ती मूळचीच. चौकोन मोठा किंवा भलत्या जागी असेल, तर आधी दुसरी बुकप्लेट होती आणि ही नंतर आली. पुस्तक जुने, कागद पिवळा, पण समोरचे पान एकसारखे असेल, तर किंमत वाढवायला कोणीतरी सुटी बुकप्लेट चिकटवली असण्याची शंका घ्या. ही एक तपासणी शिकून घेतली तरी विकत घेताना फसगत बरीच टळते.

४. छपाई ओळखा : मांजराच्या मिशा पाहा

भिंग घ्या आणि थेट मिशांवर धरा. मिशा ही चित्रातली सर्वांत बारीक, सुटी रेघ असते, त्यामुळे छपाईची रीत तिथेच उघडी पडते.

काळ्या मांजराच्या मिशा पांढऱ्या, एका फटक्यात कोरलेल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या असतील, तर ते लाकूड किंवा लिनोलियमवरचे खोदकाम. लाकडाच्या आडव्या कापावर कोरलेले काम फार बारीक असते, अंगावरची लव पांढऱ्या केसाकेसाने दिसते. लिनोची रेघ जाड, कडा किंचित गोलसर. दोन्हींत काळ्या भागाच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार येते आणि कागदाच्या मागून हात फिरवला तर हलका दाब जाणवतो. बुकप्लेट चिकटलेली असेल तर हा दाब तिरक्या उजेडातच पाहा.

मिशा काळ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीच्या आणि बोथट टोकांच्या असतील, बोटाला शाईचा अगदी बारीक उंचवटा जाणवत असेल, तर बहुधा एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघ खाऊन घेऊन केलेली छपाई. तांब्याच्या पत्र्यावर हाताने कोरले असेल तर रेघ मध्ये फुगते आणि टोकाला सुईसारखी होते. या दोन्हींत पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदावर उमटतो. पण बुकप्लेट अनेकदा त्या दाबाच्या आतून कापलेली असते, तेव्हा दाब दिसला नाही म्हणून एचिंग नाही असे ठरवू नका.

पेनने काढल्यासारख्या, कमीजास्त दाबाच्या काळ्या मिशा आणि कडांना शाईची किनार हे जस्ताच्या ब्लॉकचे लक्षण. चित्राचा ब्लॉक करून घ्यायचा आणि नाव खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, जुळवायचे, हा जुन्या छापखान्यांतला स्वस्त आणि रूढ मार्ग होता. नावाची अक्षरे चित्रातल्या रेषेशी जुळत नसतील, एखादा खिळा झिजलेला किंवा थोडा खाली बसलेला असेल, तर याच मार्गाने छापलेले समजा. मिशा सपाट असतील, कडेला किनार नसेल, तर शिळाछाप. मिशा भिंगाखाली ठिपक्यांत विरघळल्या, तर हाफटोन किंवा ऑफसेट. आणि ठिपके वेडेवाकडे, रंगांचे फवारे दिसले, तर घरच्या प्रिंटरची प्रत.

नोंदीत आंतरराष्ट्रीय खुणा लिहायची सवय लावा. बुकप्लेट संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिसेची, स्थापना १९६६ ची, आणि त्याच्या खुणा जगभरचे संग्राहक वापरतात : एक्स १ लाकूडठसा, एक्स २ लाकडावरचे बारीक खोदकाम, एक्स ३ लिनो, सी २ ताम्रपटावर कोरलेले, सी ३ एचिंग, पी १ रेषांचा ब्लॉक, पी ७ ऑफसेट, सीजीडी संगणकावर केलेले. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह करा. चुकीची खूण पुढे प्रत्येक यादीत उतरत जाते.

५. खास करून घेतलेली की तयार विकत घेतलेली?

चित्रकाराच्या शोधात महिने घालवण्याआधी हा प्रश्न सोडवा. चित्र आणि 'एक्स लिब्रिस' छापील, पण नाव हाताने किंवा रबरी शिक्क्याने टाकलेले असेल, तर ती तयार बुकप्लेट आहे. अशा बुकप्लेट पाकिटांतून विकल्या जात, मागे पोस्टाच्या तिकिटासारखा गोंद असे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात यलो स्प्रिंग्जला अँटिऑक बुकप्लेट कंपनी १९२६ मध्ये सुरू झाली आणि तिच्यासारख्या कंपन्यांच्या तयार बुकप्लेट जगभर गेल्या. मांजर हा अशा चित्रांतला नेहमीचा, खपणारा विषय. कागदाच्या तळाशी अगदी बारीक टायपात कंपनीचे नाव किंवा अनुक्रमांक असतो, तो भिंगाने शोधा.

तयार बुकप्लेटला मोल नाही असा याचा अर्थ नव्हे. चित्रकार मालकाचा नसला तरी हस्ताक्षर मालकाचे असते, आणि माग काढताना छापील नावापेक्षा हस्ताक्षर जास्त कामी येते. पुस्तकातल्या समासातली टिपणे त्याच हाताची आहेत का, हे ताडून पाहता येते.

नाव चित्रातच कोरलेले असेल तर बुकप्लेट खास करून घेतलेली. चित्रकाराची आद्याक्षरे शेपटीजवळ, पुस्तकांच्या कण्यावर किंवा चौकटीच्या कोपऱ्यात लपलेली असतात. मांजर का निवडले याचाही विचार करा. आडनावाशी जुळणारा प्राणी घ्यायची प्रथा जुनीच आहे. जर्मनीतल्या अगदी पहिल्या बुकप्लेटपैकी एक इग्लर नावाच्या पाद्र्याची, आणि तिच्यावर हेजहॉग हा छोटा काटेरी प्राणी आहे, कारण जर्मन भाषेत त्याला 'ईगल' म्हणतात. आपल्याकडे मांजरेकर आडनाव आहेच. मालक ग्रंथपाल असेल, तर चित्रात ६३६.८ हा आकडा कुठे लिहिलेला आहे का ते बघा. ग्रंथालयांत पुस्तके विषयवार लावायच्या ड्युई दशांश पद्धतीत पाळीव मांजरांवरच्या पुस्तकांचा तो वर्गांक आहे. नवखे लोक त्याला दाखल क्रमांक (वाचनालयात आलेल्या पुस्तकाला नोंदवहीत मिळणारा क्रमांक) समजून वाचनालयाची नोंदवही उलटीपालटी करत बसतात.

६. काळ ठरवा : गोव्याच्या खुणा

पुस्तकाचे प्रकाशनवर्ष हे बुकप्लेटचे वर्ष नव्हे. १८९० चे पुस्तक १९७० मध्ये कोणी विकत घेऊन आपली बुकप्लेट लावलेली असू शकते. खालच्या खुणा एकमेकींशी ताडून पाहा, एकाच खुणेवर विसंबू नका.

पत्त्यात 'नोवा गोवा' असेल तर पोर्तुगीज काळ. १८४३ मध्ये पणजीला शहराचा दर्जा देताना हे नाव दिले गेले. 'गोवा, दमण व दीव' असेल तर १९६१ अखेरची मुक्ती आणि ३० मे १९८७ चा घटकराज्याचा दर्जा यांच्या मधला काळ. ४०३ ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाले.

पोर्तुगीज मजकुरात शुद्धलेखन पाहा. पोर्तुगालने १९११ मध्ये शुद्धलेखन सुधारले आणि 'टी-एच', 'पी-एच' अशी जोडाक्षरे काढून टाकली. ग्रंथपाल किंवा ग्रंथालय यांच्या पोर्तुगीज शब्दात 'टी'नंतर 'एच' असेल तर मजकूर त्याआधीचा, किंवा जुन्या वळणाच्या माणसाने नंतर लिहिलेला. म्हणून ही खूण 'आधीची असू शकते' एवढेच सांगते.

पहिल्या कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात विक्रेत्याने पेन्सिलीने लिहिलेली किंमत असते. ती रुपये आणि तांग्यांत असेल तर जुना हिशेब, एका रुपयाला १६ तांगे. इश्कूद या पोर्तुगीज चलनात असेल तर काळ अगदी थोडा उरतो, कारण गोव्यात इश्कूद १९५८ नंतर आला आणि मुक्तीनंतर गेला.

अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात कागद उजळवणारी रसायने आहेत, आणि ती साधारण १९५० नंतर कागदात येऊ लागली. पिवळट, मंद दिसला तर कागद आधीचा असण्याची शक्यता जास्त. पुठ्ठ्याचा कागद मंद आणि बुकप्लेट लखलखीत असेल, तर बुकप्लेट पुस्तकापेक्षा बरीच नंतरची. टॉर्च डोळ्यांवर मारू नका आणि कागदावर काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

७. ग्रंथपालाची स्वतःची की वाचनालयाची?

गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. ग्रंथपालाच्या नावाची बुकप्लेट असलेले पुस्तक त्याच्या घरचे असते. वाचनालयाच्या पुस्तकावर संस्थेचे नाव, दाखल क्रमांक आणि शिक्का असतो. पण ग्रंथपाल निवृत्तीच्या वेळी किंवा त्याच्या पश्चात घरचे लोक ही पुस्तके वाचनालयाला देतात, तेव्हा एकाच पुठ्ठ्यावर दोन्ही येतात.

क्रम ठरवायचा तो कागदांच्या थरांवरून. शिक्क्याची शाई बुकप्लेटच्या कडेवरून पुठ्ठ्यावर उतरली असेल, तर बुकप्लेट आधी आणि शिक्का नंतर, म्हणजे पुस्तक आधी घरचे, मग देणगीचे. शिक्का अर्धवट झाकून वर बुकप्लेट बसली असेल, तर पुस्तक आधी वाचनालयाचे होते. अशा वेळी 'रद्द' किंवा 'काढून टाकले' असा शिक्का शोधा. तो नसेल तर पुस्तक अजूनही वाचनालयाच्या मालकीचे असू शकते. विकत घेण्याआधी त्या वाचनालयाला विचारा. आधीच घेतले असेल तर विचारा आणि परत द्यायची तयारी ठेवा.

दाखल क्रमांक शीर्षकपानाच्या पाठीवर असतोच. शिवाय बहुतेक वाचनालये तो आत एका ठरलेल्या पानावर पुन्हा लिहितात. त्याला गुप्त पान म्हणतात आणि ते प्रत्येक संस्थेचे वेगळे. शीर्षकपान फाडलेले असेल तर एकेक पान उलटून तो क्रमांक शोधा. एकदा क्रमांक मिळाला की दाखल नोंदवहीतली एक ओळ तुम्हाला दाखल झाल्याची तारीख, किंमत आणि कोणाकडून आले ते सांगते. देणगी असेल तर त्या रकान्यात देणगीदाराचे नाव असते, आणि बऱ्याचदा शेजारच्या ओळींत त्याच घरून आलेली बाकीची पुस्तकेही सापडतात. नोंदवही तुम्हाला हाताळायला मिळाली नाही तरी ग्रंथपालांना क्रमांक देऊन ती ओळ वाचून दाखवायची विनंती करा. नेमका क्रमांक घेऊन येणाऱ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

८. नावाचा माग

पोर्तुगीज कागदांत हिंदू नावे ओळखू येणार नाहीत अशा रूपात असतात. कामतचे कामोतीम, प्रभूचे पोरोबो, कुलकर्णीचे कुळकोर्नीम, शेणवीचे सिनाय. 'श' साठी 'एक्स' किंवा 'एस', 'क' साठी 'सी' किंवा 'क्यू' येतो. बुकप्लेटवरचे नाव चार-पाच रोमन वळणांनी लिहून घ्या आणि प्रत्येक वळणाने शोधा. दुसरा सापळा क्रमाचा. पोर्तुगीज काळातल्या अनेक सूच्या आडनावाने न लावता पहिल्या नावाने लावलेल्या असतात. बुकप्लेटवर फक्त आद्याक्षरे असतील तर आधी पुस्तकातल्या सहीवरून पहिले नाव काढा.

कुठे जायचे :

पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ मध्ये सुरू झालेली ही संस्था, आणि गोव्यात छापलेली जुनी पुस्तके, वर्तमानपत्रे, पोर्तुगीज सरकारचे बोलेतीं म्हणजे राजपत्र पाहण्याची पहिली जागा हीच. सरकारी ग्रंथालयातल्या नेमणुका, बदल्या, रजा राजपत्रात छापल्या जात. मुक्तीनंतरच्या नेमणुका गोवा राजपत्राच्या दुसऱ्या मालिकेत शोधा. ते अंक सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावरही आहेत. खासगी शाळा किंवा गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल मात्र राजपत्रात सापडणार नाही. त्यासाठी शाळेचे वार्षिकांक आणि संस्थेची स्मरणिका पाहा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कर्मचाऱ्यांचा फोटो आणि नावे जवळपास नेहमी असतात.

मराठी वाचनालयांच्या वर्तुळातला माणूस असेल तर पणजीचे सरस्वती मंदिर आणि मडगावचे गोमंत विद्या निकेतन यांसारख्या जुन्या संस्थांत विचारा. इतिहास, चर्च, पोर्तुगीज ग्रंथव्यवहार यांच्याशी संबंध दिसला तर आल्त पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र. सरकारी दप्तर हवे असेल तर पणजीचे पुराभिलेख खाते. निधनाचे साधारण वर्ष माहीत असेल तर त्या तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे मृत्यूची नोंद मिळू शकते. वर्ष माहीत नसताना तिथे जाऊन उपयोग नाही. वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता आणि पुण्यस्मरणाच्या जाहिराती चाळताना पहिल्या वर्षश्राद्धाची जाहिरातही पाहा, तिच्यात मुलांची नावे आणि गाव असते.

बरोबर न्यायचे कागद : ओळखपत्र मूळ आणि छायाप्रत, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, विषय लिहिलेला साधा अर्ज, बुकप्लेटचा छापील फोटो, नावाच्या सगळ्या वळणांची यादी आणि शोधायच्या वर्षांचा पल्ला. मूळ पुस्तक न्यावे लागलेच, तर आत जाताना ते दाखवून नोंदवून घ्या. नाहीतर बाहेर पडताना ते तुमचे आहे हे सिद्ध करत बसावे लागते. 'जुने सगळे दाखवा' असा अर्ज करू नका. '१९५५ ते १९५८ मधील राजपत्र, ग्रंथालय खात्याच्या नेमणुका' असा करा.

घरच्यांपर्यंत पोचलात तर आधी पत्र किंवा निरोप, मग भेट. फोटोची एक चांगली प्रत त्यांना द्या. हयात माणसाचा पत्ता दिसेल असा बुकप्लेटचा फोटो कुठेही जाहीर करू नका. चित्र छापायचे असेल तर भारतीय कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, हे लक्षात असू द्या.

९. पावसाळ्यातले जतन

गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि ६५ ते ७० च्या पुढे बुरशी धरते. कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, हातभर नाही तरी १० सेंटीमीटर जागा सोडा. चिरा पाणी पितो आणि ते कपाटाच्या पाठीतून पुस्तकांत येते. मोजकीच पुस्तके असतील तर घट्ट झाकणाचा २० लिटरचा डबा, त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ५० ते ५५ च्या आसपास राहिला की ठीक. रंग बदलला की जेल काढून मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात घासली जाते. आधी पुस्तक वेगळे करून पूर्ण कोरडे करा. मग एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून मऊ ब्रशने झाडा. मांजराच्या काळ्या ठशावरची बुरशी ब्रशनेही घासू नका, शाईची पूड निघते.

कसर खळीसाठी येते आणि बुकप्लेटच्या कडा कुरतडते. कीड असेल तर पुस्तक दोन झिप पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर बाहेरचा दमटपणा थेट कागदावर पाणी होऊन बसतो. यात कीड मरते, बुरशी मरत नाही, ती फक्त झोपते. डांबराच्या गोळ्या बुरशीवर चालत नाहीत आणि त्यांचा वास माणसालाही बरा नव्हे. कडुनिंबाचा पाला थेट पानांत ठेवला तर हिरवट तपकिरी डाग पडतात. ठेवायचाच तर कापडी पुरचुंडीत, पुस्तकाबाहेर.

सुटीच मिळालेली बुकप्लेट आम्लमुक्त पाकिटात सपाट ठेवा आणि कुठून मिळाली ते पाकिटावर, बुकप्लेट आत घालण्याआधी, पेन्सिलीने लिहा. आत ठेवून वर लिहिले तर अक्षरांचा दाब कागदावर उठतो.

१०. त्याच पुस्तकात आपली बुकप्लेट लावायची असेल तर

जुनीवर कधीही चिकटवू नका. समोरच्या कोऱ्या पानावर किंवा शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत लावा, म्हणजे मालकांचा क्रम वाचता येतो.

चिकटवायला गव्हाचा चीक वापरा, कुरडयांसाठी काढतात तोच, मीठ न घातलेला. मैद्याची खळ करू नका. मैद्यातला चिकटपणा नंतर पाण्याने नीट सुटत नाही आणि कसरीला तो आवडतो. वरचे पाणी ओतून दिल्यावर तळाला बसलेला चीक वाळवून पूड करा. एक भाग पूड, पाच भाग गाळलेले पाणी. अर्धा तास भिजवून मंद आचेवर सतत ढवळत २० ते ३० मिनिटे शिजवा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा, गार करून बारीक चाळणीतून दाबून काढा आणि पाणी घालून दाट ताकाइतकी पातळ करा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. बाहेर दुसऱ्या दिवशीच आंबते, आणि आंबलेली खळ कागदाला डाग पाडते.

लावण्याआधी कागदाची नस तपासा. छापाच्या कागदाचा एक तुकडा एका बाजूने किंचित ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळला जातो, ती नसेची दिशा. ही दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. उलटी असेल तर बुकप्लेट वाळताना पुठ्ठ्याला ओढते आणि पुस्तक नीट मिटत नाही. छपाईच्या वेळीच हे ठरवून कागद कापा, नंतर उपाय नसतो.

बुकप्लेट पालथी ठेवून मधून कडेकडे पातळ खळ लावा, एक मिनिट थांबा म्हणजे कागद ताणून घेतो, मग जागेवर ठेवून वर कोरा कागद घेऊन मधून बाहेरच्या बाजूला तळहाताने दाबा. वर बटरपेपर, त्यावर टीपकागद ठेवून पुस्तक मिटा आणि वजन ठेवा. उन्हाळ्यात एक रात्र पुरते. पावसाळ्यात टीपकागद सकाळ-संध्याकाळ बदलून तीन दिवस ठेवा, आणि तरीही कडा थंड लागत असतील तर आत ओल आहे, वजन काढू नका.